खात्रीचा माणूस

बाबांना शनिवारी घरी सोडणार होते, आणि मंगळवार उजाडला तरी त्यांच्या खोलीची भिंत ओलीच होती.

ओल कपाटामागून सुरू होऊन पलंगाच्या उशापर्यंत आली होती. आधी नुसता डाग होता, मग रंगाला फोड आले, मग पोपडे सुटले आणि त्याखाली काळपट हिरवी बुरशी दिसायला लागली. मी ती व्हिनेगरने पुसून काढायचे आणि ती निवांतपणे परत उगवायची. दवाखान्यात डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले होते की फुप्फुसाचा एक भाग काढला आहे, उरलेलं जपायचं. धूळ नको, धूर नको, आणि बुरशी असलेल्या खोलीत तर एक दिवसही नको. घरात दुसरी खोली आहे का, असंही त्यांनी विचारलं. होती, बाहेरची. पण तिचं दार थेट जिन्यात उघडतं, आणि आमचा जिना झाडणाऱ्या बाई धूळ गोळा करत नाहीत, फक्त तिची जागा बदलतात.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या विहिरींत आणि टाक्यांत काय मिसळलंय आणि ते कुठून आलं, हे शोधण्याचा मला पगार मिळतो. स्वतःच्या घरच्या भिंतीत पाणी कुठून येतंय हे मात्र मला सांगता येत नव्हतं. कामावर असतानाही मी मधूनच उठायचे, खिडकीपर्यंत जायचे आणि का उठले ते विसरून परत यायचे.

असल्या अडचणींसाठी आमच्या इमारतीचा फोनवर ग्रुप आहे. पडदे कोण चांगले शिवतं, कुठल्या दुकानातली अंडी शिळी निघतात, फ्रिजचा आवाज वाढला तर काय करायचं, सगळं तिथे विचारलं जातं. सल्ले भरमसाट येतात. पण कारागिराचं नाव एकच माणूस देतो. ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांना सगळे खात्रीकाका म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा.

यामागे एक जुनी भानगड आहे. फार पूर्वी कोणीतरी सुचवलेला इलेक्ट्रिशियन अर्धी वायर लोंबकळत ठेवून पसार झाला. त्यावरून दोन घरांत असं वाजलं की इमारतीने बैठक घेऊन नियमच केला: ज्याने नाव सुचवलं, त्याने काम संपेपर्यंत त्या घरात हजर राहायचं. नियम ऐकायला न्यायाचा होता. परिणाम एवढाच झाला की लोकांनी नावं सुचवणं बंद केलं. दुसऱ्याच्या न्हाणीघराबाहेर अर्धा दिवस काढायला कोणाला वेळ आहे? काकांना होता. ते एका मोठ्या गोदामाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते, काकू जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा दूर नोकरीला. सुतार असो, रंगारी असो, काका घडीची खुर्ची काखोटीला मारून त्याच्यासोबत यायचे आणि दारातच म्हणायचे, "खात्रीचा माणूस आहे."

त्यांच्या खात्रीच्या माणसांत सर्वांत वरचा नंबर प्लंबरचा होता. त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. आमच्या भिंतीसाठी तो याआधी दोनदा येऊन गेला होता. पहिल्या खेपेला त्याने आमच्याच न्हाणीघरातले नळ आवळले, दुसऱ्या खेपेला भिंत खरवडून वर पाणी अडवणारा लेप लावला. दोन्ही वेळा काका खुर्ची त्याच्या अगदी पाठीला लावून बसले होते, हातात बॅटरी घेऊन, आणि तोंडाचा पट्टा चालू: थोडं डावीकडे, अजून, वर, हां, तिथं. मला त्या माणसाची कीव आली होती. मला कोणी पिपेट भरताना असं शिकवलं असतं तर मी ती त्याच्या खिशात रिकामी केली असती.

मंगळवारी संध्याकाळी मी आईला म्हणाले, दुसरा प्लंबर बघू. आई बाबांचे धुतलेले कपडे घड्या करून ठेवत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली की काकांच्या माणसाला नको म्हणणं म्हणजे काकांनाच नको म्हणणं. मी म्हणाले, भिंतीला काका कोण आणि कोण नाही ते कळत नाही.

"तुला भिंत दिसते," आई म्हणाली. "मला बाबांना पाठीवर घेऊन जिना उतरणारे काका दिसतात. तेव्हा तू कामासाठी बाहेरगावी होतीस."

मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावला, बाहेर आले, पाणी प्यायले, परत आत गेले. मग फोन काढून ग्रुपवर लिहून टाकलं: आमच्या भिंतीची ओल जात नाहीये, बाबा शनिवारी घरी येत आहेत, मिस्त्रींव्यतिरिक्त कोणी प्लंबर माहीत असेल तर कृपया सांगा.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचल्याचं मात्र दिसत होतं. मग खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी लिहिलं की खोलीत वाडगाभर मीठ ठेवावं, ते ओल खेचतं. एकाने लिहिलं की टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवा. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं की बुरशी वाईट असते. हे तर मला भिंतही सांगत होती. नाव एकानेही दिलं नाही. शेवटी काकांचाच संदेश आला, नेहमीसारखा नीट विरामचिन्हांसह: मिस्त्री गुरुवारी पुन्हा येऊन पाहतील, काळजी नसावी, खात्रीचा माणूस आहे. त्याखाली भराभर हात जोडल्याची चित्रं आली. आईने तिच्या फोनवर ते वाचलं आणि माझ्याशी न बोलता जेवायला वाढलं.

बुधवारपासून मी रजा टाकली. प्रयोगशाळेतून गाळण कागद आणले होते. पांढरे, गोल, पाण्याचा थेंब लागला तरी लगेच रंग बदलून सांगणारे. ते भिंतीवर उंचीच्या क्रमाने चिकटपट्टीने लावले. सर्वांत वरचा कागद सर्वांत आधी भिजला. म्हणजे पाणी जमिनीतून चढत नव्हतं, वरून येत होतं. वर काकांचं न्हाणीघर. आता प्रश्न एवढाच होता की ते सांडपाणी आहे की नळाचं पाणी.

मी वर जाऊन काकांना विचारलं की तुमच्या न्हाणीघराच्या मोरीत थोडा रंग ओतू का. रंग निरुपद्रवी आहे, आम्ही रोज वापरतो. काकांना गंमत वाटली.

"शास्त्रज्ञबाई, माझी फरशी रंगीत झाली तर पुसायला तुम्हीच," ते म्हणाले, आणि स्वतः बादलीभर पाणी ओतायला उभे राहिले.

त्यांनी मला खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी दिली, बाबांच्या औषधांची वेळ बदलली का विचारलं, शनिवारी आणायला गाडी किती वाजता काढायची ते विचारलं. मी उत्तरं देत होते आणि नजर भिंतीवरून फिरवत होते. गिझर नवा दिसत होता. त्याच्याकडे जाणारा पाइप बाहेरून कुठे दिसत नव्हता, म्हणजे भिंतीतून गेला होता. आमच्या ओल्या कोपऱ्याच्या बरोबर वर. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की ही लाइन कधीची. काका म्हणाले, जुना लोखंडी पाइप गंजला होता, मिस्त्रीनेच बदलून दिला, मी स्वतः पूर्ण वेळ बसलो होतो. मग त्यांनी वाटी उचलली. शेंगदाणे अजून शिल्लक होते.

खाली आले तर कागद भिजलेले होते आणि रंगाचा मागमूस नव्हता. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तरी रंग उतरला नाही. म्हणजे मोरीचं पाणी नाही. तर मग दाबाखालचं, नळाचं, स्वच्छ पाणी. मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली, कारण उत्तर कोणाच्या घरात आहे ते आता जवळजवळ कळलं होतं.

जवळजवळ या शब्दावर मला झोप लागत नाही. गुरुवारी सकाळी मी गच्चीवर गेले. टाकीपासून प्रत्येक घराला वेगळा पाइप उतरतो आणि प्रत्येकावर एक कॉक असतो. काका त्या वेळी फिरायला जातात. मी त्यांचा कॉक बंद केला, खाली येऊन सगळे कागद बदलले आणि स्टूल घेऊन भिंतीसमोर बसले. बसवेना. उभी राहिले. उभंही राहवेना. आई दारातून दोनदा बघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, भिंतीला पिल्लं होणार आहेत का?

हळूहळू वरचा कागद भिजेनासा झाला. मग त्याखालचा. मी नवे लावले, तेही कोरडे राहिले.

तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. काका त्या दिवशी लवकर परतले होते आणि आंघोळीला बसले होते. ते वरच्या वळणावर पंचा गुंडाळून उभे होते, डोक्यावर शाम्पूचा फेस, एक डोळा गच्च मिटलेला, आणि टाकी रिकामी झाली का म्हणून सगळ्या इमारतीला विचारत होते. मावशी खालून सांगत होत्या की आमच्याकडे तर धो धो येतंय. मी धावत गच्चीवर गेले, कॉक उघडला, खाली आले आणि त्यांना सांगितलं की मीच बंद केला होता.

"का?" त्यांनी विचारलं. पण त्यांचा उघडा डोळा माझ्या हातातल्या कागदांवर होता. त्यांना ते कळलं होतं. त्यांनी फक्त फेस पुसला आणि म्हणाले, मिस्त्री आत्ता येईल, मग ये वर.

मिस्त्री आले तेव्हा मी आधीच वर होते. काकांनी कपडे घातले होते, पण कानामागे फेस राहिला होता. मी मिस्त्रींना सगळं सांगितलं, जसं आमच्याकडे अहवाल सांगतात तसं. मग पुरावा म्हणून दोन कागद त्यांच्यासमोर धरले. कॉक उघडा असतानाचा आणि बंद असतानाचा. भिजलेला कागद करडा होतो, कोरडा पांढराशुभ्र असतो. लहान मुलालाही फरक कळला असता.

मिस्त्री माझ्या खांद्याकडे बघत राहिले.

मला वाटलं, मुद्दाम बघत नाहीत. मी कागद अजून पुढे केले. मग काकांनी ते माझ्या हातातून घेतले आणि हलक्या आवाजात मिस्त्रींना म्हणाले, "दोन कागद आहेत. एक ओला आहे, एक कोरडा." मिस्त्रींनी हात पुढे केला, तो कागदाच्या जरा बाजूलाच गेला, आणि काकांनी कागद सरकवून त्यांच्या बोटांना लावले. दोघांनी हे इतकं सराईतपणे केलं की मला काकांच्या तोंडाचा तो पट्टा आठवला. थोडं डावीकडे, अजून, वर, हां, तिथं. ते शिकवणं नव्हतंच.

काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि दार लोटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हळूहळू झालं. आधी बारीक अक्षर दिसेना, मग पाइपाचे आटे. आता उजेड चांगला असेल तर माणूस कळतो."

"आणि तुम्ही त्यांना घरोघरी नेता."

"मी असतो ना. मी बघतो, तो करतो. त्याच्या हातात अजून काही खोट नाही."

"गिझरची लाइन टाकली तेव्हाही तुम्हीच बघत होतात."

काकांनी ओट्यावरचं फडकं उचललं, त्याची घडी केली, मोडली. मग म्हणाले की मिस्त्रीला दुसरं काही येत नाही, घरी बायको सांध्यांनी अंथरुणाला खिळलेली, आणि हे एकदा ग्रुपवर गेलं की त्याला कोणी नळाचा वायसरही बदलायला बोलावणार नाही. मी म्हणाले, शनिवारी बाबा येणार आहेत. ते म्हणाले, मला कोणी सांगायची गरज नाही. मग त्यांनी एक तोडगा काढला, आणि तो त्यांनी आधीच ठरवला असावा.

"कॉक पुन्हा बंद कर आणि बंदच राहू दे," ते म्हणाले. "मी खालच्या नळावरून बादल्या आणीन. तुझी भिंत वाळेल. फोडाफोडी नको, बोलाचाली नको."

हे ऐकून मला काय वाटलं ते नीट सांगायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसं होतं. कॉक बंद तर ओल बंद, बाबा आत, आई खूश, काकांचा शब्द शाबूत. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग काकांच्या पायांकडे लक्ष गेलं. घोट्यांना सूज होती, आणि ते चपला घालून बादल्या घेऊन रोज मजले चढणार होते, एक दिवस त्यांना दम लागणार होता आणि ते कॉक उघडणार होते. कोणीही उघडला असता. आणि इमारतीत अशा नव्या लाइनी अजून किती घरांत, किती भिंतींत होत्या, हे त्या दोघांनाही माहीत नसणार.

मी त्यांना हो किंवा नाही म्हणाले नाही. चप्पल पायात सरकवली आणि निघाले.

चौकाच्या कोपऱ्यावर पाइप आणि नळांचं दुकान आहे. ते एक ताई चालवतात. वडिलांचं दुकान होतं, भाऊ दुसरीकडे गेले, त्या राहिल्या. लोक त्यांच्याकडून सामान घेतात आणि फिटिंगला कोण पाठवाल असं विचारतात. त्या म्हणतात मीच येते, आणि लोक म्हणतात, बरं, कळवतो. मी धापा टाकत पोचले आणि एका दमात विचारलं की भिंतीतला सांधा गळतोय, आत्ता याल का. नियमाने मला तिथे बसावं लागणार होतं, कारण माणूस मी आणत होते. बसायची माझी तयारी होती.

ताई कोणाच्या तरी टाकीचा बॉल-कॉक जोडत होत्या. कोणाकडे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मिस्त्रींचं काम?" त्या म्हणाल्या. "ते हल्ली पाइपावरचा आकडा मला वाचायला लावतात. मी समजायचे, चष्मा विसरले असतील." मग छिन्नी शोधत स्वतःशीच पुटपुटल्या, "रोज कसा विसरेल माणूस."

आम्ही वर गेलो तेव्हा मिस्त्री तिथेच होते. काकांनी त्यांना जा म्हटलं नव्हतं, ते स्वतःही गेले नव्हते. ते घडीच्या खुर्चीवर बसले होते आणि काका दारात उभे. मला वाटलं काका अडवतील. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, आणि म्हणाले, "फरशी जपून काढा. तसल्या आता मिळत नाहीत." एवढंच बोलले.

ताईंनी गिझरखालची एक फरशी ठोकून बघितली, तिचा आवाज पोकळ आला. ती सोडवली, मागचं प्लॅस्टर ओलं होऊन भाकरीच्या पिठासारखं मऊ झालं होतं, ते हातानेच निघालं. आत पाइपाच्या कोपऱ्यावर पाणी मोत्यासारखं जमत होतं आणि घरंगळत होतं. काका बॅटरी धरायला पुढे झाले, पण मधेच थांबले.

"बघू," मिस्त्री म्हणाले.

ते उठले, भिंतीला हात लावत आले, आणि बोटं त्या भगदाडात घातली. सांध्यावरून एकदा वर, एकदा खाली फिरवली. त्यांचा चेहरा आमच्या कोणाकडेच नव्हता.

"पाइप अर्धाच आत गेलाय," ते म्हणाले. "चिकटवायचं सोल्युशन एकाच अंगाला लागलंय. माझंच काम." बोटं बाहेर काढून त्यांनी शर्टाला पुसली. मग विचारलं, आणि कोणाला विचारलं ते कळलं नाही, "डोळ्यांचा डॉक्टर कोण चांगला आहे हो इकडे?"

काकांचं तोंड सवयीने उघडलं. शिंपी, सुतार, गवंडी, फ्रिजवाला, सगळ्यांची नावं त्या तोंडातून पटापट बाहेर येताना मी ऐकली होती. आता काहीच आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी या माणसाचे डोळे होऊन एवढी घरं पालथी घातली होती, आणि त्या डोळ्यांचं काही करता येईल का, हा प्रश्न त्यांनी त्याला किंवा स्वतःला कधी विचारलाच नव्हता. विचारला असता तर झाकलेलं उघडं करावं लागलं असतं.

मी गच्चीवर जाऊन कॉक बंद केला आणि ताईंनी सांधा कापून नवा घातला. मी खुर्चीवर बसले नाही, पण नियमाप्रमाणे हजर राहिले. काम संपत आलं तेव्हा आई वर आली, हातात केरसुणी आणि सूप घेऊन. तिला मी काही सांगितलं नव्हतं. आवाज ऐकून ती समजली असावी. तिने कोणाला काही न विचारता काकांच्या न्हाणीघरातला राडारोडा भरायला सुरुवात केली. काका म्हणाले, वहिनी, राहू द्या. आई म्हणाली, तुम्ही बाजूला व्हा, पायात काच जाईल. काच नव्हती तिथे.

मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न मी त्यांना विचारूनच ग्रुपवर टाकला, कोणासाठी ते न लिहिता. नावांचा पाऊस पडला. प्रत्येकाचा आपला डॉक्टर होता, प्रत्येकाच्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि त्या सगळ्या मावश्या आता सुईत दोरा ओवत होत्या. दातांच्या डॉक्टरांनी आपल्या वर्गमित्राचं नाव दिलं आणि शनिवार सकाळची वेळही मिळवून दिली. मग कोणीतरी नियमाची आठवण केली: सोबत कोण जाणार? काकांनी लिहिलं, मी जातो.

त्यामुळे शनिवारी बाबांना आणायला काका आले नाहीत. त्यांनी आदल्या दिवशीच गाडीची किल्ली आमच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती, दार न वाजवता. गाडी मी चालवली. आई मागे बाबांचा हात धरून बसली आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या नावाने श्वास रोखत होती.

भिंत वाळली नव्हती. गळती थांबली म्हणून एवढं जाड बांधकाम दोन दिवसांत वाळत नाही, हे मला माहीत होतं, तरी शुक्रवारी मी पंखे लावले, कागद बदलले, परत बदलले, जणू वारंवार विचारल्याने भिंत लवकर उत्तर देणार होती. वरचे कागद कोरडे होते. उजवा कोपरा मात्र अजून ओला होता. आम्ही बुरशी पूर्ण खरवडली, आतल्या खोलीचं दार बंद करून फटीला ओला टॉवेल लावला आणि पलंग बाहेरच्या खोलीत आणला. आईने सकाळी जिना स्वतः धुऊन काढला, पार तळमजल्यापर्यंत. झाडणाऱ्या बाई तिच्याकडे संशयाने बघत होत्या.

बाबा पलंगावर टेकले आणि आधी छताकडे, मग दाराकडे बघत राहिले. बोलायचं कमी, असं त्यांना सांगितलेलं होतं. "वरचा कुठंय?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, कामात आहेत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल ओढून त्यांना सगळं सांगितलं, कागदांपासून. काकांच्या डोक्यावरच्या फेसाचं आलं तेव्हा त्यांचे खांदे हलले, आणि मी पटकन थांबले, कारण हसणं फुप्फुसांना कितपत चालतं ते विचारायचं राहून गेलं होतं. त्यांनी हाताने पुढे चल अशी खूण केली.

सगळं ऐकून झाल्यावर ते थोडा वेळ डोळे मिटून पडले. झोपले असं वाटून मी उठणार, तर म्हणाले, "पोरी, तू त्याच्यावर रागावली आहेस का?"

मी म्हणाले, थोडी आहे.

"मग राग गेल्याशिवाय वर जाऊ नको. पण तो खाली आला तर चहा दे."

दुपारभर भेटायला येणारे येत राहिले आणि आई त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवत राहिली. प्रत्येकाकडे काहीतरी होतं: छातीला लावायचं तेल, श्वासाचे व्यायाम घेणाऱ्या बाईंचा नंबर, खिडकीत ठेवायचं झाड. शिवणकामवाल्या मावशी वाडगाभर मीठ घेऊनच आल्या. आईने मीठ ठेवून घेतलं.

मी बंद खोलीत शिरून कोपऱ्यातले कागद बघत होते तेव्हा फोन वाजला. काकांचा होता. मागे बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता. त्यांनी एका दमात सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा नक्की सुधारेल, डाव्याला उशीर झाला आहे, डाव्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. मिस्त्री शेजारी बसलाय, डोळ्यांत थेंब घातलेत, त्याला काहीच दिसत नाहीये म्हणून चिडलाय. मग ते थांबले.

"डावा आधी दाखवला असता तर," ते म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मीही ते पूर्ण केलं नाही.

"तो आला का घरी?" त्यांनी मग विचारलं.

"आले."

"कुठल्या खोलीत?"

"बाहेरच्या. कोपरा अजून ओला आहे."

मागे कोणीतरी कोणाचा तरी नंबर पुकारत होतं.

"श्वास कसा आहे?" त्यांनी विचारलं.

ठीक आहे, असं म्हणणं सोपं होतं. मी फोन कानाला धरूनच दार उघडलं, टॉवेल ओलांडून बाहेर आले आणि पलंगापाशी उभी राहिले. बाबांना झोप लागली होती. मी श्वास रोखून त्यांचा श्वास ऐकला. आत जाताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. बाहेर येताना नव्हता. मी बरेच श्वास ऐकले, काका पलीकडे थांबून होते, आणि मग जे ऐकलं ते त्यांना सांगितलं.